ध्रुवाकडे लावलेला कान

संस्कृतांतील ‘शुश्रूषा’ हा शब्द आपणां सर्वांच्या परिचयाचा आहे. घरांत कोणी आजारी पडलें म्हणजे त्याची शुश्रूषा करावयाची, गुरुगृहीं राहून गुरूची शुश्रूषा करावयाची, असें आपण म्हणतों. परंतु या शब्दाचा मूळ अर्थ सेवा असा नाहीं, हें पुष्कळांच्या ध्यानांत नसतें. ‘श्रु’ म्हणजे ऐकणें; त्या धातूचें इच्छार्थक रूप होऊन हा शब्द सिद्ध झाला, आणि त्याचा सरळ अर्थ ‘ऐकण्याची इच्छा’ एवढाच. ज्याला दुसऱ्याचें ऐकून घेण्याची इच्छा आहे तोच त्याची सेवा करूं शकतो, म्हणून ऐकण्याच्या इच्छेपासून निघालेला हा शब्द चालत चालत सेवेपर्यंत येऊन पोंचला. आपल्या मराठींतहि ‘ऐकणें’ या क्रियापदाचे असेच दोन अर्थ आहेत. ‘मुलगा ऐकत नाहीं’ असें आई म्हणते तेव्हां त्याचे कान बिघडले आहेत, असा तिचा अभिप्राय नसतो.

ही व्युत्पत्ति आज आठवण्याचें कारण असें कीं, या वेळीं आम्ही वाचकांपुढें ज्या छंदाची हकीकत ठेवणार आहों, तो छंद म्हणजे निव्वळ ऐकण्याची इच्छा होय. स्वतःच्या घरीं बिनतारी यंत्र बाळगून जगांतील अपरिचितांशीं संभाषण करणारे जे हौशी लोक आहेत, त्यांस सर्वत्र ‘हॅम’ म्हणतात. त्यांपैकीं बहुतेक जण आंखूड लहरींवर बोलतात; त्या लहरी थोड्या शक्तींत दूर जातात. परंतु कांहीं थोडे हट्टी लोक मुद्दाम लांब लहरींचा, म्हणजे कमी कंपनसंख्येच्या पट्ट्यांचा मार्ग धरतात, आणि त्या मार्गानें पृथ्वीच्या टोकावर बर्फांत हिवाळा काढणाऱ्या एखाद्या संशोधन-स्थानकास हांक मारतात. वर्ष वर्ष हांक मारावी आणि उत्तर येऊं नये, हाच तेथील नित्याचा अनुभव आहे.

प्रथम हा खटाटोप इतका अवघड कां, तें पाहूं. बिनतारी लहर प्रकाशाच्याच वेगानें, म्हणजे सेकंदास सुमारें ३ लक्ष किलोमीटर, धांवते. ती सेकंदास जितक्या वेळां कंप पावते त्या संख्येनें या वेगास भागिलें म्हणजे लहरीची लांबी निघते. सेकंदास १८ लक्ष कंपनें असतील तर लहर सुमारें १६६ मीटर लांब होते; या पट्ट्यास हौशी लोक ‘१६० मीटरचा पट्टा’ म्हणतात. त्याच्याहि खालीं, ४ लक्ष ७५ हजार कंपनांच्या आसपास ६३० मीटरचा, आणि १ लक्ष ३७ हजार कंपनांच्या आसपास २२०० मीटरचा पट्टा आहे. हे शेवटचे दोन पट्टे आंतरराष्ट्रीय परिषदांनीं हौशी लोकांस अनुक्रमें २०१२ व २००७ सालीं मोकळे करून दिले. आतां, लहर चांगली फेंकावयाची तर एरियलचा उभा खांब लहरीच्या चतुर्थांशाइतका उंच असावा, असा सामान्य नियम आहे. १६० मीटरच्या पट्ट्यास तो खांब ४० मीटरांचा झाला. आणि २२०० मीटरच्या पट्ट्यास साडेपांचशें मीटरांचा! कुतुबमिनार सुमारें ७३ मीटर उंच आहे; असे सात मिनार एकावर एक रचले तरी ती उंची गांठली जात नाहीं. गृहस्थाच्या गच्चीवर किंवा परसांत जी तार बांधतां येते ती या हिशेबानें कस्पटासमान. परिणाम असा होतो कीं, यंत्रांत शेंकडों वॅट वीज ओतली तरी तिचा बहुतेक भाग जमिनींत व तारेंत उष्णता होऊन जिरून जातो, आणि आकाशांत जाणारी शक्ति एखाद्या वॅटाच्या आंतबाहेर असते. २२०० मीटरच्या पट्ट्यावर तर परिषदेच्या नियमानेंच ती एका वॅटाच्या वर जातां कामा नये. दिवाळींतल्या आकाशकंदिलांत आपण जो लहानसा दिवा लावतों, त्याच्याहूनहि कमी शक्तीवर हांक मारावयाची, आणि ती ध्रुवापर्यंत पोंचावी अशी आशा धरावयाची!

दुसरी अडचण आकाशांतील. भूपृष्ठापासून सुमारें ६० ते ९० किलोमीटर उंचीवर हवेचा एक थर आहे. सूर्याच्या किरणांनीं तेथील कण विद्युन्मय होतात, आणि तो थर लांब व मध्यम लहरींस दिवसा गिळून टाकतो. सूर्य मावळला म्हणजे हा थर विरतो, आणि त्याच्याहि वरचे थर, जे रात्रींही विद्युन्मय राहतात, ते या लहरींस आरशाप्रमाणें परत पृथ्वीकडे वळवितात. या सर्व विद्युन्मय प्रदेशास आयनांबर म्हणतात. तो असावा असा तर्क १९०२ सालीं केनेली व हेविसाइड यांनीं केला. १९२४ सालीं अ‍ॅपलटन यांनीं प्रयोगानें त्याचा प्रत्यय आणून दिला, आणि या कामाबद्दल त्यांस १९४७ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. आपल्या देशांत कलकत्त्यास शिशिरकुमार मित्र यांनीं याच विषयांत आयुष्य वेंचलें, हेंहि येथें सांगितलें पाहिजे.

म्हणून लांब लहरींचें संभाषण रात्रींच व्हावयाचें, आणि तेंहि दोन्हीं ठिकाणीं रात्र असेल तेव्हांच. त्यांतहि सर्वांत मोलाचा काळ संधिकालाचा. पहाटे सूर्य उगवण्याच्या आगेंमागें, किंवा सायंकाळीं तो बुडतांना, कांहीं मिनिटेंच असा योग येतो कीं, रात्रभर न ऐकूं आलेला स्वर एकाएकीं वर चढतो आणि पाहतां पाहतां मावळतो. संध्येस उठण्याची संवय ज्या घरांत आहे त्या घरच्या माणसास ही वेळ सांभाळणें कठीण जाऊं नये! परंतु ध्रुवप्रदेशाचा पंचांगाशींच विरोध आहे. तेथें उन्हाळ्यांत सूर्य मावळतच नाहीं, म्हणजे लहरी गिळणारा थर चोवीस तास जागा. आणि हिवाळ्यांत तेथें अखंड रात्र असते तेव्हां उत्तर गोलार्धांत उन्हाळा किंवा पावसाळा चालू असतो, आणि मैलोगणती दूरच्या विजांची खरखर ऐकणाऱ्याच्या कानांत भरून राहते. म्हणून दक्षिण ध्रुवाकडे कान लावणारे उत्तरेकडील लोक विषुवदिनांच्या आसपासचे, मार्च व सप्टेंबर या महिन्यांतले, दिवस पसंत करतात. आणि इतकें सगळें जुळून आल्यावर सूर्यावर एखादा मोठा उद्रेक झाला, तर त्यांतून निघालेले कण ध्रुवावरील आकाशांत शिरतात, आणि कित्येक दिवसपर्यंत सगळ्या वाटा बंद होतात.

ही झाली उपपत्ति. आतां या वाटेनें जे प्रथम गेले त्यांची हकीकत सांगतों. कारण ध्रुवप्रदेशांतून लांब लहरींवर हांक मारणारे पहिले लोक हौसेखातर नव्हे, तर जीव धरून बसले होते.

१९११ सालच्या डिसेंबरांत ऑस्ट्रेलियांतील भूगर्भशास्त्रज्ञ डग्लस मॉसन यांची मोहीम ‘ऑरोरा’ नांवाच्या जहाजांतून होबार्ट बंदरांतून निघाली. वाटेंत मक्वारी नांवाच्या ओसाड बेटावर त्यांनीं पांच माणसें व एक बिनतारी स्थानक ठेविलें, आणि स्वतः दक्षिणखंडाच्या किनाऱ्यावर केप डेनिसन येथें तळ दिला. तेथून मक्वारीस संदेश द्यावयाचा, आणि मक्वारीनें तो ऑस्ट्रेलियास पोंचवावयाचा, अशी योजना होती. दोन टप्प्यांतील पहिलाच टप्पा सुमारें १६०० किलोमीटरांचा. त्या काळचें यंत्र म्हणजे ठिणगीचें. मोठ्या ठिणग्या पाडून त्यांच्या लहरी उंच खांबावरील तारेनें फेंकावयाच्या. परंतु केप डेनिसन ही जागा अशी निघाली कीं, समुद्रसपाटीवर इतका वारा पृथ्वींत दुसरीकडे क्वचितच वाहत असेल. पहिल्या वर्षाची सरासरीच ताशीं सुमारें ८० किलोमीटर! त्या वाऱ्यांत खांब उभारण्यास १९१२ चा सप्टेंबर उजाडला, आणि ऑक्टोबरांत वाऱ्यानें खांब मोडून टाकला. मधल्या थोड्या दिवसांत त्यांनीं जे संदेश पाठविले त्यांतले कांहीं मक्वारीवर ऐकूंही आले होते; पण मक्वारीचें उत्तर इकडे येईना. हांक पोंचली, आणि ती पोंचल्याचें हांक मारणारास कळलें नाहीं. याहून मोठी शोकांतिका पुढें व्हावयाची होती.

नोव्हेंबरांत मॉसन दोन सोबत्यांसह पूर्वेकडे शोधास निघाले. डिसेंबरांत निनिस हे कुत्री व बहुतेक अन्नसामुग्री यांसह बर्फाच्या भेगेंत गडप झाले; १९१३ च्या जानेवारींत मेर्ट्झ यांनीं वाटेंत प्राण सोडला. एकटे मॉसन पायांची सालटें निघालेल्या स्थितींत ८ फेब्रुवारी १९१३ रोजीं तळावर पोंचले, तों कांहीं तासांपूर्वींच ‘ऑरोरा’ जहाज निघून गेलेलें! त्यांच्या शोधासाठीं सहा माणसें मागें राहिलीं होतीं. तेव्हां तळावरील खांब पुन्हां उभा झाला होता. जहाजास परत फिरण्याचा निरोप बिनतारी यंत्रानें धाडण्यांत आला, आणि जहाजावर तो ऐकूंहि आला. परंतु जहाजावरील यंत्र केवळ ऐकण्याचें होतें, बोलण्याचें नव्हतें. जहाज फिरून आलें; वाऱ्यामुळें होडी किनाऱ्यास लागेना; आणि पश्चिमेकडील दुसऱ्या तळावर अडकलेल्या माणसांस उचलण्याची वेळ टळूं नये म्हणून कप्तानास निघून जावें लागलें. किनाऱ्यावरील सातांस आणखी एक वर्ष काढणें प्राप्त झालें.

त्या वर्षीं बिनतारी यंत्रावर बसण्याचें काम सिडनी जेफ्रीज नांवाच्या नव्या मनुष्याकडे होतें. फेब्रुवारी संपण्यापूर्वींच त्यांनीं मक्वारीशीं दुतर्फा संभाषण जोडलें. दक्षिणखंड व बाहेरचें जग यांमध्यें बिनतारी संभाषण झालें तें हें पहिलें. दोन सोबत्यांच्या मृत्यूची वार्ता त्यांच्या आप्तांकडे याच मार्गानें गेली. कप्तान स्कॉट व त्यांचे सोबती गतप्राण झाल्याचें वर्तमान याच मार्गानें आंत आलें. आणि ऑस्ट्रेलियांतील वेधशाळेच्या कालदर्शक खुणा ऐकून केप डेनिसनचे रेखांश निश्चित करण्याचें कामहि याच यंत्रावर झालें. परंतु रोज असें थोडेंच होणार? वाऱ्याबरोबर उडणारे बर्फाचे कण तारेवर आदळून तींत वीज सांठवीत आणि कानांत नुसती खरखर होई. आकाशांत ध्रुवप्रभा खेळूं लागली म्हणजे स्वर बुडून जात. जूनमध्यें खांब पुन्हां मोडला, आणि तो उभा होऊन संभाषण चालू होण्यास ऑगस्ट लागला.

या एकांतांत जेफ्रीज यांचें मन ढळलें. आपले सोबती आपल्या जीवावर उठले आहेत, असा भ्रम त्यांस जुलैपासून होऊं लागला. पुढें तर इतर सर्वांस वेड लागलें आहे, असा संदेश त्यांनीं परस्पर धाडला. अखेर मॉसन यांनीं त्यांच्याकडून यंत्र काढून घेतलें, आणि बिकर्टन यांनीं तें चालविण्याची विद्या शिकून घेऊन उरलेले महिने निभावले. डिसेंबरांत जहाज आलें. सर्वजण सुखरूप स्वदेशीं गेले. मॉसन यांचा जयजयकार झाला. जेफ्रीज मात्र वेड्यांच्या इस्पितळांत गेले, आणि १९४२ सालीं तेथेंच मरण पावले. जगानें त्यांस विसरून पुष्कळ वर्षें लोटल्यावर, २०१० सालीं, दक्षिणखंडावरील एका हिमनदीस त्यांचें नांव देण्यांत आलें. दुसऱ्यांचा शब्द पोंचविण्याकरितां ज्यानें कान झिजविले त्याचा स्वतःचा शब्द कोणास ऐकूं आला नाहीं, ही गोष्ट आम्हांस या सर्व इतिहासांत फार बोंचते.

आतां हौशी लोकांकडे वळूं. १९१२ सालीं अमेरिकेनें कायदा करून हौशी लोकांस २०० मीटरच्या खालच्या लहरींत कोंडलें. कारण त्या लहरी निरुपयोगी आहेत, असा तज्ज्ञांचा समज होता. टाकाऊ म्हणून दिलेल्या त्या जमिनींत या लोकांनीं सोन्याचें पीक काढलें. १९२१ च्या डिसेंबरांत पॉल गॉडले नांवाचे अमेरिकन हौशी गृहस्थ स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर आर्ड्रोसन गांवीं तंबू ठोकून बसले. पावसांत, थंडींत, रात्र रात्र जागून त्यांनीं अटलांटिकपलीकडील हौशी स्थानकांचे स्वर टिपले. जमिनीलगत लांबच लांब ताणलेली जी तार त्यांनीं ऐकण्यासाठीं वापरली, तीच पद्धत आजचे लांब लहरींचे उपासकहि वापरतात. कारण ऐकण्याच्या तारेस उंची नको, तिला एका दिशेचें ऐकून बाकीच्या दिशांचा गोंगाट वगळतां आला म्हणजे झालें.

दोनच वर्षांनीं, १९२३ सालीं, मॅकमिलन हे ‘बोडोइन’ नांवाच्या गलबतांतून उत्तर ध्रुवप्रदेशाकडे निघाले, तेव्हां त्यांनीं डोनाल्ड मिक्स नांवाचा एक हौशी यंत्रवाला बरोबर घेतला. ग्रीनलंडच्या वायव्य किनाऱ्याजवळ गलबत बर्फांत गोठून राहिलें. सर्वत्र काळोख, आणि ध्रुवप्रभेचा पट्टा ओलांडून स्वर पोंचवावयाचा! अशा वेळीं तीन हजार किलोमीटरांहून दूर, कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर प्रिन्स रूपर्ट गांवीं, जॅक बार्न्सली नांवाच्या हौशी गृहस्थानें तो स्वर पकडला आणि त्यास उत्तर दिलें. ना वेतन, ना हुकूम. तरी गोठलेल्या गलबताची खबर बाहेर पोंचली. पुढें आंखूड लहरींचा जमाना आला आणि वाट सोपी झाली. १२ जानेवारी १९३० रोजीं फ्रान्झ योझेफ बेटांवरील रशियन यंत्रवाले एर्न्स्ट क्रेंकेल यांनीं दक्षिणखंडावरील बर्ड यांच्या ‘लिटल अमेरिका’ तळाशीं संभाषण केलें, म्हणजे पृथ्वीच्या एका टोंकानें दुसऱ्या टोंकाशीं कुशल विचारलें. १९५७-५८ च्या भूभौतिक वर्षांत तर अमेरिकेच्या न्यू जर्सी प्रांतांतील एक शाळकरी मुलगा आपल्या घरच्या यंत्रावर दक्षिणखंडावरील माणसांचा आवाज घेई, आणि तो दूरध्वनीला जोडून त्यांच्या आयांशीं व बायकांशीं त्यांची गांठ घालून देई. परीक्षेंत त्याला किती गुण मिळाले, तें आम्हांस ठाऊक नाहीं. परंतु आमच्या वर्गांत असा विद्यार्थी असता तर आम्हीं त्याला मागच्या बांकावर डुलक्या घेण्याची खुशाल मोकळीक दिली असती.

आंखूड लहरी इतक्या सोयीच्या, तर मग लांब लहरींचा हट्ट कां? याचें एक उत्तर शास्त्र देतें. दक्षिणखंडावरील सिपल नांवाच्या स्थानकांत अमेरिकेच्या स्टॅनफर्ड विद्यापीठानें १९७३ पासून १९८८ पर्यंत एक प्रयोग चालविला. कोरडा बर्फ वीज वाहत नाहीं, म्हणून जमिनीचा आधार मागणाऱ्या एरियलला ध्रुवावर अडचण पडते. येथें त्याच दोषाचा गुण केला. बर्फाच्या जाड थरावर २१ किलोमीटर लांबीची तार नुसती आडवी पसरली. खालच्या बर्फामुळें ती खऱ्या जमिनीपासून आपोआपच उंच टांगल्यासारखी झाली. त्या तारेवरून अति लांब लहरी सोडल्या, त्या पृथ्वीच्या चुंबकीय रेषांवरून अंतराळांत दूर जाऊन उत्तर गोलार्धांत कॅनडांतील रोबेर्व्हाल गांवीं उतरल्या, आणि तेथें कान लावून बसलेल्या शास्त्रज्ञांनीं त्या टिपल्या. पृथ्वीभोंवतालच्या अंतराळाची पुष्कळ माहिती अशा ऐकण्यांतून हातीं आली.

दुसरें उत्तर या लोकांच्या पद्धतींत आहे. मोर्सच्या लिपींत बिंदु व रेघ हीं दोनच अक्षरें. जणूं आपल्या छंदःशास्त्रांतील लघु व गुरु. फरक इतकाच कीं, आपला गुरु लघूच्या दुप्पट, तर मोर्सची रेघ बिंदूच्या तिप्पट लांब. स्वर अति क्षीण असेल तेव्हां हे लोक बोलणें इतकें संथ करितात कीं, एकेक बिंदु अर्धा मिनिट, कधीं पूर्ण मिनिट चालतो. केवळ नांवाचीं चार-सहा अक्षरें पोंचविण्यास तासचे तास लागतात. कानाला तो बिंदु ऐकूंच येत नाहीं. गणकयंत्राच्या पडद्यावर हळूहळू उमटणारी फिकट रेघ डोळ्यांनीं वाचावी लागते. पल्सार ताऱ्यांच्या अभ्यासाबद्दल १९९३ सालीं नोबेल पारितोषिक मिळविणारे जोसेफ टेलर हे स्वतः हौशी यंत्रवाले. आकाशांतील क्षीण स्पंदनें वेंचून काढण्याचें ज्यांचें काम, त्यांनीं २००८ सालीं क्षीण स्वरांसाठीं एक नवी पद्धत सिद्ध केली. तींत सुमारें दोन मिनिटांच्या एका प्रक्षेपणांत पाठविणाऱ्याचें सांकेतिक नांव, ठिकाण व शक्ति एवढेंच सांगितलें जातें. आणि कान ज्याला निव्वळ खरखर म्हणेल तींतूनहि यंत्र तें वेंचून काढतें. जर्मनीच्या नॉयमायर या दक्षिणखंडावरील स्थानकांत असे स्वर टिपणारें यंत्र बसविण्यांत आलें, तेव्हां जगभरच्या गृहस्थांस आपली हांक बर्फापर्यंत पोंचली कीं नाहीं, तें कळण्याची सोय झाली. मात्र ही एकतर्फी पोंच झाली, संभाषण नव्हे. संभाषणास तिकडे कोणीतरी जागें असून उत्तर द्यावयास इच्छुक असलें पाहिजे.

आपल्या देशाचाहि या बर्फाशीं संबंध आहे. पहिली भारतीय मोहीम डॉ. कासीम यांच्या नेतृत्वाखालीं ६ डिसेंबर १९८१ रोजीं गोव्याच्या मुरगांव बंदरांतून निघाली, आणि ९ जानेवारी १९८२ रोजीं दक्षिणखंडावर उतरली. पुढें दक्षिण गंगोत्री, मग १९८९ सालीं मैत्री आणि २०१२ सालीं भारती, अशीं स्थानकें झालीं. त्या सर्वांचा कारभार पाहणारी संस्था वास्को येथें आहे. मैत्री गोव्यापासून सरळ रेषेनें दहा हजार किलोमीटरांहून अधिक दूर. आज तेथील माणूस उपग्रहाच्या द्वारें घरच्यांशीं बोलूं शकतो.

नेमका हाच आक्षेप एका भगिनीनें आम्हांस पत्र लिहून घेतला आहे. त्यांचा मुलगा सरकारची परीक्षा देऊन रीतसर परवाना घेतलेला हौशी यंत्रवाला आहे. दोन वर्षें तो १६० मीटरच्या पट्ट्यावर दक्षिणखंडाकडे कान लावून पहाटे बसतो. गच्चीवर तारांचें जाळें झालें आहे. वाळवणें घालण्यास जागा उरली नाहीं म्हणून जावा कुरकुरतात. त्याच्या वहींत पानोपानीं ‘कांहीं ऐकूं आलें नाहीं’ एवढेंच लिहिलेलें आहे. ‘सर्वांच्या खिशांत दूरध्वनि असतां हा वेडेपणा कशाला? आणि जो ध्रुवाचें ऐकतो त्याला मीं जेवावयास मारलेली हांक कशी ऐकूं येत नाहीं?’ असें त्या विचारतात.

पहिल्या प्रश्नाचें उत्तर आम्ही देऊं शकतों. नदीवर पूल झाला म्हणून पोहणें व्यर्थ ठरत नाहीं. उपग्रहानें बोलणाऱ्यास मधल्या आकाशाची कांहींच ओळख होत नाहीं. तुमच्या मुलाला सूर्य, ऋतु, संधिकाल, विजा व ध्रुवप्रभा हीं सर्व विचारांत घ्यावीं लागतात. ‘कांहीं ऐकूं आलें नाहीं’ असें जो दोन वर्षें खरें खरें लिहितो, आणि एकदांहि खोटें ‘ऐकलें’ असें लिहीत नाहीं, त्याच्या वहीला आम्ही मोठी विद्या समजतों. आमच्या सगळ्या मास्तरकींत आम्हांस असा प्रामाणिकपणा फार थोड्या वह्यांत दिसला.

दुसऱ्या प्रश्नांत मात्र भगिनींचीच बाजू बळकट आहे, आणि तो प्रश्न आम्ही त्या चिरंजीवांकडे जसाच्या तसा पाठवितों. बाबारे, जेफ्रीज यांची कथा तूं जाणत असशील. त्यांचें दुखणें केवळ यंत्रामुळें आलें असें कोणी म्हणणार नाहीं. पण दूरचें ऐकण्यांत गढलेल्या माणसाचा जवळच्यांशीं संबंध तुटूं लागला म्हणजे तें चिन्ह बरें नव्हे, इतकें खास. आठवड्यांतून पहाटा ठरवून घे, वाळवणाचे दिवस तारा गुंडाळून ठेव, आणि जेवावयाची हांक पहिल्याच वेळीं ऐक. आणि आई, आपण एक दिवस पहाटे त्याच्या शेजारीं पाट मांडून बसा, आणि दुसरा हेडफोन कानाला लावा. खरखरीशिवाय बहुधा कांहीं ऐकूं येणार नाहीं. पण तो काय ऐकावयास बसतो, तें आपणांस कळेल, आणि आपण तें ऐकावयास आलांत हें त्याला कळेल.

एकत्र कुटुंबांत क्षीण स्वर ध्रुवावरच असतात असें नाहीं. माजघराच्या कोपऱ्यांत बसलेली आजी, जिचें बोलणें तिसऱ्यांदा सांगितल्याशिवाय कोणाच्या कानीं जात नाहीं. नवी आलेली सून, जिला अजून बोलावयाचा धीर नाहीं. सर्व भावंडांच्या गलक्यांत ज्याचा प्रश्न विरून जातो असा धाकटा मुलगा. या स्वरांना उपग्रह नाहीं, आणि उंच खांबहि नाहीं. त्यांना पाहिजे तो एवढाच, कीं गोंगाट बाजूस सारून, वेळ मोडून, उत्तर येवो न येवो, ऐकण्याची इच्छा धरून बसणारा कोणीतरी. त्या इच्छेलाच आपल्या पूर्वजांनीं शुश्रूषा म्हटलें, आणि सेवा ही तिच्यामागून आपोआप आली.